न सांगितलेली उत्तरं

लोद, ९ नोव्हेंबर १९६२

सॅलीताईस जेमायमाचा शालोम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तू मला नाही. आईला येणाऱ्या पत्राच्या शेवटी तू 'सर्वांस शालोम' लिहितेस. त्या सर्वांत मी नाही, हे आईला कळत नाही, मला कळतं. तरी लिहिते आहे, कारण आज माझं डोकं फिरलंय, आणि ते का फिरलं हे समजेल असं माणूस ह्या अख्ख्या लोदमध्ये नाही. माझगावात एक आहे.

आधी बातमी. पॅकिंग हाउसची नोकरी सोडली. सहा वर्षं संत्री कागदात गुंडाळली, पुरे झालं. यरुशलेमच्या एका सेमिनारमध्ये मला प्रवेश मिळाला. सेमिनार म्हणजे इथलं मास्तरणींचं ट्रेनिंग कॉलेज. दोन वर्षांनी पास झाले की मी गानची मास्तरीण. गान म्हणजे बालवाडी, हे तू विसरली नसशील. म्युनिसिपालटीच्या शाळेत तू पहिलीला शिकवायचीस तेव्हा मागच्या बाकावर बसून मी तुझी नक्कल करायचे. आता सरकार मला तेच शिकवतंय.

मुख्य विषय मुलांची वाढ. मूल कधी मान धरतं, कधी दोन शब्द जोडतं, कधी खोटं बोलायला लागतं. खोटं बोलणं हीसुद्धा वाढ आहे, ताई! हे शिकवणाऱ्या डॉक्टर हेदवा जर्मनीतून आलेल्या, काटकुळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "मुलाकडे वीस मिनिटं बघायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं. 'मूल आळशी आहे' असं लिहिलंत तर मी पान फाडीन. 'मूल सात मिनिटं खिडकीशी उभं होतं' असं लिहा." मला ते इतकं पटलं की वाटलं, ह्या बाईंपाशी जन्मभर शिकावं.

आणि काल त्याच बाईंनी भिंतीवर तक्ता टांगला. वर युरोपातून आलेल्यांची मुलं, बुद्धी इतकी. खाली मोरोक्को, येमेन, इराक, बुद्धी तितकी. सगळ्यात शेवटी 'इतर'. आपण भारतातले ज्यू म्हणजे ते इतर. ह्या खालच्या मुलांना आता एक नवं नाव मिळालंय: 'जोपासना हवी असलेली मुलं'. म्हणजे आपल्या आयांनी आपल्याला जोपासलंच नाही! लग्न नोंदवायला जावं तर तुम्ही खरे ज्यू का म्हणून आजीच्या आजीचं गोत काढतात, आणि शाळेत घालावं तर आईची जोपासना काढतात.

मी उभी राहिले. विचारलं, "ही मुलं कुठल्या भाषेत तपासली?"

"हिब्रूत," हेदवा म्हणाल्या. "त्यांना ह्याच देशात राहायचंय ना?"

मागून एकीने विचारलं, भारतात बालवाड्या असतात का. मी म्हणाले, "माझी बहीण..." आणि बसले. पुढे तिने विचारलं असतं, ती बहीण आता कुठे असते.

असो. तू मला दोष देतेस हे मी जाणून आहे. मी सतरा वर्षांची होते, ताई. घरात हिब्रू येणारी मी एकटी, म्हणून तुझ्या सुझॅनच्या बुद्धीच्या टेस्टला तू मला क्लिनिकमध्ये नेलंस. डॉक्टर बोलला ते मी तुला मराठीत सांगितलं, तुम्ही बोललात ते त्याला हिब्रूत. पाच वर्षांच्या पोरीला मंदबुद्धी ठरवून त्या संस्थेत टाकलं ते त्याने, मी नव्हे. चार महिन्यांनी तू तिला तिथून काढलंस आणि भावोजींसकट बोटीत बसून मुंबईला परत गेलीस. धक्क्यावर आईला मिठी मारलीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. टपालवाल्यावर कुणी असं रागावतं का?

सुझॅन कशी आहे, विचारत नाही. विचारायचा हक्क नाही असं तू म्हणशील.

जेमायमा


लोद, १ मार्च १९६३

सॅलीताई,

उत्तर येणार नव्हतंच. तरी ऐक.

प्रॅक्टिकलसाठी मला आठवड्यातले दोन दिवस आमच्याच शिकूनमधला गान दिलाय. चाळीसारख्या सरकारी इमारती आहेत ना, त्यांच्या मधल्या आवारात. पस्तीस मुलं. मास्तरीण अदिना, किबुत्झच्या सामायिक शेतवसाहतीत जन्मलेली, चपला फटफटवत चालते, अकॉर्डियन सुरेख वाजवते. मनाने वाईट नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल तशी आहे.

पहिल्याच दिवशी तिने कोपऱ्यातल्या मुलीकडे बोट दाखवलं. "ती रुबी. तुमच्याच लोकांतली. दहा महिने झाले, एक शब्द बोललेली नाही. डोळ्याला डोळा देत नाही. काही विचारलं की मान खाली. मे महिन्यात टेस्ट आहे, मग तिला लायक अशा ठिकाणी पाठवतील."

लायक अशा ठिकाणी! 

रुबी पाच वर्षांची, तेल लावून घट्ट वेणी, कानात सोन्याचे बारीक मणी. बाप रूबेन विमानतळावर सामान चढवतो. आई शुलामित. गेल्या पेसाहच्या सणाला रेवदंड्याहून आलेली माणसं. मोठ्यांनी विचारलं तर मान खाली घालावी, असं त्या पोरीला शिकवलेलं, जसं तुला मला शिकवलं. इथे त्याला रोग म्हणतात.

मी नोटबुक घेऊन वाळूच्या चौकोनाशी बसले. रुबीने चिंध्यांची बाहुली घेतली. भिंतीला पाठ लावून पाय लांब पसरले, बाहुली नडग्यांवर आडवी ठेवली. डब्यातून वाळू घेऊन तिचे हातपाय चोळले, छाती चोळली, पालथी करून पाठ चोळली. मग रिकाम्या डब्याने डोक्यावर पाणी घातलं, कपाळाला आडवा हात धरून, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. तोंडाने चाललं होतं, "रडू नको गं बाय. झालं, झालं. डोळे मीट. आता धुरी देते हां तुला."

ताई, वीस मिनिटांत एकोणीस वाक्यं. मी मोजली.

मागून अदिना म्हणाली, "बघितलंस? बाहुलीला मातीत घोळते. किती दांडगाई."

मी म्हणाले, "न्हाऊ घालते आहे. आमच्याकडे बाळाला पायांवर घेऊन असंच पीठ लावून न्हाऊ घालतात. आणि ती बोलते आहे."

"हिब्रूत?"

"नाही."

"मग कशाला मोजतेस?" ती म्हणाली आणि मुलांना गाण्यासाठी गोल बसवायला गेली.

मी रुबीजवळ सरकले. हळूच विचारलं, "पाणी गार आहे का गं?"

ती दगडासारखी झाली. दहा महिन्यांत त्या आवारात तिने मराठी ऐकलं नव्हतं. मग बाहुलीकडे बघतच म्हणाली, "नाय. ऊन-ऊन हाय."

घरी येताना मी रस्त्याने रडले. रागाने. दुसऱ्या कशाने नव्हे.

जेमायमा


यरुशलेम, २४ मे १९६३

ताई,

सेमिनारमध्ये आज माझी चौकशी झाली. का, ते सांगते. आणि आज सगळं सांगते.

मंगळवारी गानमध्ये टेस्ट होती. तपासायला कोण आलं? आमच्या डॉक्टर हेदवा. रुबीसाठी दुभाषी म्हणून मला बसवलं. त्यांनी आधीच बजावलं, "शब्दाला शब्द सांगायचा. मदत नाही, खुलासा नाही."

विचारलं, "बोट कापलं तर काय करशील?"

रुबीने माझ्याकडे बघून सांगितलं, "हळद लावीन."

मी सांगितलं, हळद. हेदवांनी हातातला छापील कागद बघितला. त्यावर उत्तरं होती: पट्टी बांधीन, किंवा आईला सांगीन. त्यांनी शून्य लिहिलं.

"बूट कशासाठी घालतात?"

"भायेर जायला. घरात घातले तर आई मारते."

कागदावर होतं: पाय गार पडू नयेत म्हणून. पुन्हा शून्य.

"पियानो कशाला म्हणतात?" रुबी गप्प. मी तरी कधी बघितला होता पियानो, पाच वर्षांची असताना?

तिसऱ्या शून्याला माझा तोल गेला. मी म्हणाले, "डॉक्टर, हळद हे बरोबर उत्तर आहे. सगळ्या भारतात जखमेवर हळद लावतात. तुमच्या कागदाला माहीत नाही, ह्यात मुलीची काय चूक?"

"तू फक्त दुभाषी आहेस," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच शिकवलंत, दिसेल तेवढंच लिहा. तुम्ही तर कागदावर आहे तेवढंच बघताय!"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. टेस्ट बिघडवली म्हणून वर कळवलं. आज प्रिन्सिपॉलनी बोलावलं. माफी लिहून दे, नाहीतर वर्षभराचं प्रॅक्टिकल बाद. मी माफीच्या जागी नोटबुक ठेवलं, रुबीवरची अकरा निरीक्षणं. त्यांनी ते उघडलंही नाही.

आता ते दुसरं.

मी तिथे हळदीसाठी भांडत होते, आणि भांडता भांडता मला दुसरी टेस्ट दिसत होती. तू दाराशी खुर्चीवर बसली होतीस. तुला ऐकू येत होतं सुझॅन काय म्हणते ते, पण मी डॉक्टरला काय सांगते ते कळत नव्हतं. म्हणून हे तुला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

त्याने तीन पायांच्या घोड्याचं चित्र दाखवलं, ह्यात काय चुकलंय म्हणून. सुझॅन म्हणाली, "चौथा पाय त्याने वर घेतलाय. काटा लागलाय त्याला." तुला आठवत असेल, तू हसलीस. मी डॉक्टरला सांगितलं, ती काहीतरी बडबडते आहे.

मग बाईचं चित्र, एक कान नसलेलं. सुझॅन म्हणाली, "बाईच्या हातात बांगड्या नाहीत." मी म्हणाले, "लो योदात." तिला माहीत नाही.

का केलं? त्या गोऱ्यागोमट्या डॉक्टरपुढे काटा आणि बांगड्या म्हणायची मला लाज वाटली. तुझ्या साडीची लाज वाटत होती, तुझ्या केसांतल्या तेलाच्या वासाची लाज वाटत होती. मला वाटलं, हे बोलले तर तो मलाही तुमच्यातलीच समजेल.

आणि 'लो योदात' एवढं हिब्रू सुझॅनला कळत होतं. गल्लीतली पोरं तिला दिवसभर तेच म्हणायची. तिने वळून माझ्याकडे बघितलं. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही, हे तू स्वतः पाहिलंस. डॉक्टरने लिहिलं, मूल उत्तर देत नाही. ते तेवढं खरं होतं.

सहीच्या कागदावर एक शब्द होता, तो मला येत नव्हता. येत नाही म्हणायचं सोडून मी तुला सांगितलं, 'थोडे दिवस'. मग पॅकिंग हाउसात लागल्यावर तो शब्द कुणाच्या तरी नोकरीच्या चिठ्ठीवर वाचला. 'कायम'.

मी टपालवाला नव्हते, ताई. मी पत्र बदललं.

तुझ्यावर उपकार म्हणून लिहीत नाही. राग त्या डॉक्टरवर आहे तो आहेच. त्याने एकदाही विचारलं नाही की सतरा वर्षांच्या पोरीच्या भरवशावर मी एका मुलीला जन्माचं कुठे पाठवतोय. पण आता राग करायला बसले की त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मी दिसते.

जेमायमा


डिमोना, २० डिसेंबर १९६३

ताई,

पत्ता बदललाय. माझं वर्षाचं प्रॅक्टिकल बाद केलं आणि पुन्हा करायला डिमोनाला धाडलं. शिक्षाच ती. चहूकडे वाळवंट, अर्धी बांधलेली घरं, वारा सुटला की दातांखाली रेती. पण निम्मी गल्ली आपलीच माणसं. कारखान्याची पाळी सुटली की रस्त्यावर मराठी ऐकू येतं, पेणचं, अलिबागचं.

रुबीचं सांगायचं राहिलं. जूनमध्ये कागद आला. तिला गावाबाहेरच्या संस्थेत ठेवायचं, आईबापांनी सही करायची. रूबेन तो कागद घेऊन आमच्या घरी आला. विमानतळावरचा निळा शर्ट तसाच अंगात.

"बाय, तू वाच. काय हाय ते सगळा वाच."

मी वाचला. प्रत्येक शब्द. न येणारे दोन होते ते शेजाऱ्याकडे जाऊन विचारून आले. 'कायम' आला तिथे थांबले आणि पुन्हा वाचला.

शुलामितने विचारलं, "सही नाय केली तर काय करतील?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "त्रास देतील. कदाचित काहीच करणार नाहीत. पण रुबीला साध्या शाळेतच घाला."

 रूबेन म्हणाला, "विमानात माल चढवताना फुटणाऱ्या पेटीवर चिठ्ठी लावतात. तशी लावलीय माझ्या पोरीला." आणि त्याने कागदाची नीट घडी करून खिशात घातली. सही केली नाही. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी रुबीचा हात धरून सरळ पहिलीच्या वर्गात नेऊन बसवली. मास्तराने नाव यादीत नाही म्हटलं, तर म्हणाला, "नाय तर लिव. मी हितंच उभा हाय." तो उभा राहिला दुपारपर्यंत. अखेर नाव लिहिलं.

इथे मी थांबले असते तर छान झालं असतं. पण हानुकाच्या सुट्टीत लोदला गेले होते. शाळेच्या फाटकाशी शुलामित भेटली, मुलीला घ्यायला आलेली. रुबी धावत आली, मैत्रिणींच्या घोळक्यात, हिब्रूत नुसती चुरुचुरू बोलत. वेणी गेलेली, केस मानेपर्यंत कापलेले. शुलामित म्हणाली, "चल गं बाय, भूक लागली असंल." तर रुबी लाल झाली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "इमा, दाब्री इव्रीत." आई, हिब्रूत बोल.

शुलामितला तेवढं कळलं. ती माझ्यावर उसळली. "तूच म्हनालीस शाळंत घाला. घातली. आता घरात मी बोलते नि ती दुसऱ्याच भाषेत उत्तर देते. माझी मलाच कळंना झालीय ती!"

 त्या लाल झालेल्या तोंडावर मी माझंच सतरा वर्षांचं तोंड बघत होते. एका मुलीला वाचवलं म्हणून मी मिरवत होते आणि तिला शाळेने चार महिन्यांत आईची लाज वाटायला शिकवलं. हे कुठल्या तक्त्यात येत नाही. ह्याला शून्य कोण देणार आणि कुणाला?

आई म्हणते, सॅली तुझी पत्रं फोडत नाही, तर कशाला लिहितेस. मी म्हणाले, फोडत असती तर मला लिहिता आली नसती.

जेमायमा


डिमोना, ७ ऑगस्ट १९६४

सुझॅन,

तुझं पत्र लोदला आलं, तुझ्या आजीने इकडे पाठवलं. तीन आठवडे मी उत्तर दिलं नाही, कारण तू विचारलेलं बसून सांगता येण्यासारखं नव्हतं. जाऊन यावं लागलं.

तू लिहिलंस, पत्रं कपाटात साड्यांखाली होती, ती तू फोडलीस, आणि आईला सांगितलंस तर ती म्हणाली, वाच, तुझंच आहे ते. तू लिहिलंस, 'चार पत्रांत तुम्ही तुमचा राग लिहिलात आणि तुमची लाज लिहिलीत. मी काय खात होते तिथे, कुणी विचारलं नाही.' तू लिहिलंस, 'मी वर्गात पहिली-बिहिली नाही. गणितात नापास झाले. म्हणजे मी हुशार निघाले म्हणून तुम्हाला बरं वाटायला नको.' नाही वाटलं. तुला 'मावशी' म्हणायचं नाही, हेही कळलं. नको म्हणूस.

आता तू विचारलेलं.

त्या चार महिन्यांत मी भेटायला का आले नाही? शुक्रवारी भेटीचा दिवस असायचा. तुझी आई दर शुक्रवारी दोन बस बदलून यायची. मी एकदाही आले नाही. पॅकिंग हाउसात मला नवीन मैत्रिणी झाल्या होत्या, त्यांना मी सांगितलं नव्हतं की माझी भाची तिथे आहे. दुसरं कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

कागदावर काय लिहिलं होतं? मी यरुशलेमला गेले. त्या दिवसांत आपली माणसं लग्नाच्या त्या चौकश्यांविरुद्ध तिथे रस्त्यावर बसली होती, म्हातारीकोतारी, तान्ही मुलं सगळी. सकाळी मी त्यांच्यात बसले, दुपारी तुझ्या टेस्टची फाइल ठेवलेल्या सरकारी ऑफिसात. उझी नावाचा कारकून म्हणाला, फाइल बंद झाली. मी म्हणाले, उघडा, आणि बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी परत येऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्याने फाइल आणून दिली आणि हाताने उतरवून घ्या म्हणाला. एवढंच आहे: 'मूल प्रश्नांना उत्तर देत नाही. आई सहकार्य करते. दुभाषी: नातेवाईक. शिफारस: कायम निवास.' तेरा वर्षांच्या मुलीला दाखवण्यासारखं नाही, असं तुझ्या आईला वाटेल. पण तू मागितलंस. मी दुभाषी म्हणून काय गाळलं ते लिहून, सही करून दिलं. त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाले, ह्याने निकाल बदलत नाही.

डॉक्टर हेदवांनी मला शेवटच्या परीक्षेत पास केलं. निघताना म्हणाल्या, "हळदीचा मार्क मी देऊ शकत नव्हते. छापील उत्तरात नव्हती." मी म्हणाले, "छापणाऱ्याला कळवा." त्या हसल्या नाहीत. कळवलं की नाही, माहीत नाही.

आणि तू पत्राच्या अगदी शेवटी, वेगळ्या शाईने लिहिलंस ते: 'माझ्या शेजारच्या खाटेवर ओफ्रा होती. मोठी होती. मला तिची भाकरी द्यायची. जेवताना बोललं की तिथल्या बायका ताट उचलायच्या, तिचं तर रोजच. ती खरंच मंद होती. तिची टेस्ट बरोबर होती. मग तिच्यासाठी कोण भांडलं?'

हे वाचून मी नोटबुक मिटलं, सुझॅन. दोन वर्षं मी ओरडत होते की आमची मुलं तशी नाहीत, आमची मुलं तशी नाहीत. जी तशी आहेत, त्यांचं ताट उचललं तर चालतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं. ज्यांनी तक्ता टांगला त्यांच्यावर मी संतापले, आणि तक्त्याच्या तळाशी जी मुलं होती त्यांच्यापासून आपण वेगळ्या आहोत एवढंच सांगत राहिले.

गेल्या शुक्रवारी मी तिथे गेले. आठ वर्षांनी, पहिल्यांदा. ओफ्रा अजून तिथेच आहे. एकोणीस-वीस वर्षांची असेल. मी तिच्याजवळ बाकावर वीस मिनिटं बसले आणि घरी येऊन दिसलं तेवढंच लिहिलं. ते असं: सहा मिनिटं माझ्या पिशवीचं बटण उघडलं-मिटलं. मी खजूर दिला तर अर्धा तोडून मला परत दिला. एका लहान मुलीच्या चपलेचा पट्टा सुटला होता, तो वाकून लावला. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा लागला. मी 'सुझॅन' म्हणाले, तेव्हा तिने मान वर केली नाही. तिला तू आठवतेस की नाही, मी सांगू शकत नाही.

एक शब्द बोलली नाही. बोलायचं तिने कधी सोडलं, हे तिथे कुणालाच माहीत नाही. चाळीस मुलं, सहा आया, एक स्वयंपाकीण. मास्तरीण एकही नाही. त्यांच्यासाठी मास्तरीण कशाला, असं सगळ्यांना वाटतं.

मला डिमोनात गान मिळाला होता, नवी इमारत, खिडक्यांना निळा रंग. मी इन्स्पेक्टरांना लिहून दिलं की मला त्या संस्थेत नेमा. ते म्हणाले, हुशार मुलगी आहेस, वेड लागलंय का? मग म्हणाले, कुणी मागत नाही ती जागा, घे. एक सप्टेंबरपासून मी तिथे. पहिल्या दिवशी मी जेवणघरात बसणार आहे, आणि भांडण तिथूनच सुरू होईल, कारण आया म्हणतात गप्प बसवलं नाही तर चाळीस पोरं आवरत नाहीत. त्यांचंही खोटं नाही, सहाच आहेत त्या. आणखी चार माणसं मागणारा अर्ज मी आजच लिहिलाय.

हे पत्र आईला वाचून दाखव किंवा दाखवू नकोस. तुझ्या नावाचं आहे.

संस्थेचा पत्ता खाली देते. ओफ्राला वाचता येत नाही. तिला लिहायचं असेल तर माझ्या नावावर लिही. मी तिला वाचून दाखवीन आणि ती म्हणेल ते तुला कळवीन. काही म्हणाली नाही, तर तसं कळवीन.

जेमायमा झिराडकर